दाराकडची की नळाकडची

हे लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी सगळ्यांची माफी मागतो. मुलगा गेली चार वर्षे मागे लागला होता, "बाबा, काय ते एकदा कागदावर उतरवा," आणि मी "बघू, बघू" करत राहिलो. पण त्याच्याहून मोठी माफी मला माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीची मागायची आहे. त्यांना जे लिहायला हवे होते, त्याला अकरा वर्षे झाली. म्हणून या कागदाची एक प्रत मुलाकडे जाईल आणि एक थोरल्या बाईंकडे. त्यांनी निदान पाचवे कलम वाचावे. बाकीची वाचली नाहीत तरी चालेल.

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथीपर्यंत, धंदा दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा, हे स्वखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. माझी अक्कल ठिकाणावर आहे असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे आणि तो कागद सोबत टाचला आहे. मला स्वतःला तितकीशी खात्री नाही, पण डॉक्टर शिकलेले आहेत. येत्या गुरुवारच्या पुढच्या गुरुवारी माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. तिथून माणसे घरी येतात असे मला सांगण्यात आले आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. एकदा बसलो होतो, पण समास आखण्यातच दुपार गेली.

कलम एक. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागचे अंगण आणि अंगणातली पत्र्याची खोली, जिथे माझे रंगाचे डबे असतात. हे सगळे मुलगा आणि सून या दोघांच्या नावे समान. सुनेचे नाव मुद्दाम घातले आहे. ती पहिल्यांदा या घरात आली, तेव्हा मी तिच्याशी बोललेले पहिले वाक्य "टेकू नकोस, रंग ओला आहे" असे होते. तिने ते मनाला लावून घेतले नाही. मागच्या पावसात छप्पर गळायला लागले, तेव्हा मुलगा फोनवर माणूस शोधत बसला आणि ती वर चढून डांबर लावून आली. असे माणूस घराच्या कागदावर असलेले बरे. ती दोघे मुलीला घेऊन या महिन्याच्या शेवटी इथे राहायला येणार आहेत. त्यांचे ठरले आहे, सामान बांधून झाले आहे. हे लक्षात ठेवावे, कारण पाचव्या कलमात याचा संबंध येतो.

कलम दोन. बँकेत जे असेल ते नातीच्या शिक्षणासाठी. नातीला मी खार म्हणतो. वय सहा. दिसेल ते कुरतडते. पेन्सिल, फ्रॉकची गाठ, तुळशीची पाने, माझ्या काठीचे टोक. हेही लक्षात ठेवावे.

कलम तीन. हत्यारे. माझे ब्रश एकोणीस आहेत. त्यातले बारीक सहा खारुताईला द्यावेत. तिचा हात चांगला आहे. उरलेले कोणी मागितले तर द्यावेत, कोणी मागणार नाही. अक्षरे काढताना हात टेकवायची काठी, जिच्या टोकाला कापडाचा गोळा बांधलेला आहे, ती मुलाने ठेवावी. त्या काठीने मी त्याला लहानपणी दोनदा मारले होते. एकदा त्याची चूक होती. दुसऱ्या वेळी नव्हती, हे मला त्याच संध्याकाळी कळले होते, पण मी बोललो नाही. आता लिहून देतो.

शिडीबद्दल. माझी लाकडी शिडी अकरा पायऱ्यांची होती. समोरच्या लाँड्रीवाल्याने ती नेली आणि दहा पायऱ्यांची परत आणली. तो म्हणतो, "पेंटर, शपथेवर सांगतो, मी नेली तेव्हाच दहा होत्या." मी त्या शिडीवर तीस वर्षे चढलो आहे. पायऱ्या डोळ्यांनी नव्हे, पायांनी मोजल्या आहेत. ती शिडी त्यालाच द्यावी. रोज बघेल आणि रोज आठवेल.

कलम चार. भांडणे. चौकात जो छापील प्लॅस्टिकचे फलक करून देतो, त्याच्याशी माझे भांडण मिटले असे समजावे. तो मला एकदा म्हणाला होता, "काका, तुमचं अक्षर देखणं, पण आता लोकांना उद्याच्या उद्या पाटी लागते." त्याचे बरोबर होते. शिवाय त्याचा फलक पुसट झाला तर तो फेकून नवा लावतो. जुना उपटून पुन्हा रंगवत नाही. मी तसे केले असते, तर आज पाचवे कलम लिहावे लागले नसते.

कलम पाच. अंगणातली कामुनी.

हे कलम मला सर्वात आधी लिहायचे होते, म्हणून सर्वात शेवटी आले. गोष्ट मला आठवते तशी सांगतो. मध्ये माझा गोंधळ झाला तर समजून घ्यावे. गोंधळ आहे म्हणूनच लिहीत आहे.

कामुनी म्हणजे गुडघ्याएवढे झाड, त्याला मिरीपेक्षा थोडे मोठे, पिकल्यावर काळे होणारे फळ येते. वांगी आणि टोमॅटो तिचे भाऊबंद, असे बायको सांगायची. हे बी तिच्या आईकडचे. आईने दोन्ही मुलींना लग्नात भांडी दिली आणि प्रत्येकीच्या रुमालाच्या गाठीत हे बी. थोरल्या बाईंनी त्यांच्या दारात लावले, हिने आमच्या अंगणात. फळ पिकले की ही वाटीत काढायची, साखरेत शिजवायची आणि बरणीत भरायची. गोड, थोडे आंबट आणि मागून किंचित कडसर. ती चव मी कुणाला नीट सांगू शकलेलो नाही.

एकदा मी एका गोदामाच्या भिंतीवर नाव रंगवत होतो. भिंतीच्या मागे अगदी तसेच रोप उगवलेले दिसले. मी ते मुळासकट ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणले. मला वाटले, ही खूश होईल. तिने ते हातात घेतले, उलटसुलट बघितले आणि म्हणाली, "अहो, ही आपली नाही. ही विषारी असते."

मी म्हटले, "तुला बरी लगेच ओळखू येते. पान तेच, फूल तेच."

"फूल तेच म्हणे! पाट्या रंगवता, मग बघता कुठे?"

मी रागावलो. तीन मैल फडक्यात धरून आणलेले रोप. दोन दिवस मी धड जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी बघतो तर तिने ते दुसऱ्या वाफ्यात लावलेले. म्हणाली, "तुम्ही एवढं आणलंय, तर राहू दे. शोभेला. पण तोंडात घालायचं नाही. आणि पाटी करून द्या, मी मेल्यावर घोळ नको."

ते शेवटचे वाक्य ती हसत म्हणाली होती.

मी पत्र्याच्या दोन पाट्या करून दिल्या. पांढऱ्यावर काळी अक्षरे. एकीवर "खायची", दुसरीवर "नाही". तिने त्या आपल्या हाताने दोन वाफ्यांत रोवल्या. एक वाफा मागच्या दाराकडे आहे, एक नळाकडे. त्याच वेळी तिने मला फरकही समजावून सांगितला. मी ब्रश धूत होतो आणि "हं, हं" म्हणत होतो. मला एवढे आठवते की तिने एकदा पाची बोटांचा घोस करून दाखवला आणि एकदा एकच बोट उभे केले. एक फळ घोसाने लागते, एक एकटे लागते, हे मला आज डोळ्यांनी दिसते. पण तिने आधी घोस दाखवला की आधी बोट, आणि "आपली" हा शब्द कुठल्या हाताबरोबर म्हणाली, ते काही केल्या आठवत नाही. मी डोळे मिटून ते पुन्हा बघायचा प्रयत्न करतो. हात दिसतो, बांगडी दिसते, आवाज येत नाही.

तिला जाऊन बारा वर्षे झाली. ती गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात मला हातांना काम नव्हते. त्या दोन पाट्या उन्हाने पुसट झाल्या होत्या. मला ते बघवेना. मी दोन्ही उपटल्या, घासल्या, पांढरा हात दिला, नवीन अक्षरे काढली आणि कपड्यांच्या दोरीवर वाळत घातल्या. अक्षरे इतकी सुरेख आली होती की मी लांबून, जवळून, पुन्हा लांबून बघत होतो. मग पाट्या घेऊन वाफ्यांपाशी गेलो. तेव्हा दोन्ही वाफ्यांत नुसत्या वाळक्या काड्या होत्या. फळ नाही, पान नाही. आणि माझ्या हातात दोन पाट्या.

चाळीस वर्षांत मी कधी पाटी चुकीच्या दुकानावर लावली नाही. मी मनाशी म्हटले, दाराकडची खायची असणार, स्वयंपाकघराजवळ. लावल्या. घरात येऊन बसलो आणि आठवले, की एका वर्षी ही म्हणाली होती, "यंदा वाफे अदलाबदल करते, जमीन थकते." मग तिने अदलाबदल केली, की नुसतीच म्हणाली? पुन्हा बाहेर गेलो, पाट्या बदलल्या. संध्याकाळी पुन्हा बदलल्या. शेवटी त्या जशा राहिल्या तशा राहिल्या.

त्यानंतर महिनाभरातच थोरल्या बाई आल्या. त्यांचे घर रस्ता रुंद करताना गेले होते, दारातला वाफा डांबराखाली गेला होता. त्या खुर्चीवर टेकल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "पेंटर, आईचं बी आता तुमच्याकडेच उरलंय. मूठभर द्या."

बायकोने फळीवर दोन कागदी पुड्यांत बी ठेवले होते. पुड्यांवर काही लिहिलेले नव्हते, कारण तिला माहीत होते. मी फळीकडे बघितले. आता यांना कुठली पुडी देऊ? चुकीची दिली आणि यांनी नातवंडांना खाऊ घातली तर? आणि खरे सांगावे, तर ज्याने जन्मभर लोकांच्या दारांवर नावे लिहिली, त्याला आपल्या अंगणातल्या दोन पाट्या लावता आल्या नाहीत, हे तोंडाने कसे म्हणावे? मी म्हटले, "बी नाही यंदा."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही."

त्यांनी फळीकडे बघितले. दोन्ही पुड्या दिसत होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या बहिणीच्या हाताचे चार दाणे तुम्हाला जड झाले होय? ठेवा. सोबत घेऊन जा वर." आणि गेल्या. चहा गॅसवर तसाच उतू गेला.

थोरल्या बाई, दाणे मला जड झाले नव्हते. हे एवढे सांगायला अकरा वर्षे लागली. तुम्ही मला कंजूष समजलात, आणि ते मला सोपे वाटले. कंजूष म्हणवून घेणे एकदाचे असते. मूर्ख आहे हे सांगितले, की पुढे समजावून सांगावे लागते.

या अकरा वर्षांत मी कामुनीचे एकही फळ शिजवले नाही. झाडे आपोआप उगवतात, फळतात, गळतात. मी पाणी घालतो. माहिती काढायचा प्रयत्न केला नाही असे नाही. रोपवाटिकेतल्या माणसाला दोन्ही फांद्या दाखवल्या. तो आधी म्हणाला दोन्ही एकच, मग म्हणाला दोन्ही वेगळ्या, मग त्याने मला गुलाब विकला. शेजारच्या औषधवाल्याला दाखवल्या. तो म्हणाला, "काका, मी गोळ्या ओळखतो, पाला नाही. पण माझं ऐकाल तर दोन्ही उपटा."

एकदा मी स्वतःच खाऊन बघायचे ठरवले. हे कोणी करू नये. दोन वाफ्यांतले एकेक फळ दोन खिशांत घातले, आत आलो, एक तोंडात टाकले आणि खुर्चीत बसून मरायची वाट बघू लागलो. जीभ जड वाटली, मग वाटली नाही. घाम आला, पण पंखा बंद होता. तासाभराने लक्षात आले, की मी जिवंत आहे आणि फळ डाव्या खिशातले खाल्ले होते. मग डाव्या खिशात कुठल्या वाफ्यातले घातले होते, याचा विचार करू लागलो. तो विचार अजून चालू आहे.

मागच्या महिन्यात खार चार दिवस राहायला आली होती. तिला नुकतेच वाचता यायला लागले आहे. जे दिसेल ते मोठ्याने वाचते. मी दाढी करत होतो, तर अंगणातून आवाज आला, "खा-य-ची! आजोबा, इथे खायची लिहिलंय!"

मी तोंडाला साबण तसाच ठेवून धावलो. ती वाफ्यापाशी उकिडवी बसली होती. हात पाठीमागे.

"हात दाखव," मी म्हटले.

हात रिकामे होते. "मी अजून खाल्ली नाही. मी आधी वाचलं," ती म्हणाली. "खाऊ?"

"नाही."

"मग खायची का लिहिलंय?"

मी तोंडावरचा साबण पुसला. ती दुसऱ्या वाफ्याकडे गेली. "इथे नाही लिहिलंय. काय नाही? खायची नाही? मग ही खायची ना?" आणि पुन्हा पहिल्या पाटीवर बोट ठेवून म्हणाली, "आजोबा, हे तुझंच अक्षर आहे. मी ओळखते."

तिच्या देखत मी दोन्ही पाट्या उपटल्या. ती रडली. तिला वाटले मी तिच्यावर रागावलो. संध्याकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, झुडपावरून एवढं काय?" मी त्यालाही सांगितले नाही. तो आता वाचेल.

तर गोष्ट अशी आहे. महिनाअखेर ती पोर या घरात राहायला येणार. ती कुरतडणार, आणि मी कदाचित नसणार. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी माझी गत झाली आहे. दोन्ही वाफे उपटणे हे पाच मिनिटांचे काम आहे. पण मग, थोरल्या बाई, तुमच्या आईचे बी संपले. पुड्यांतले बारा वर्षांचे बी आता उगवायचे नाही, आणि माझ्या माहितीत ते दुसरीकडे कुठे नाही. आणि ते उपटण्याचा मला हक्क कुठे आहे? ते कधीच माझे नव्हते. माझे फक्त गोदामामागचे ते दुसरे.

म्हणून मी पुढीलप्रमाणे ठरवतो.

दोन्ही वाफ्यांवर मी तारेची जाळी ठोकली आहे. ती कोणी काढू नये.

या प्रतीसोबत थोरल्या बाईंना दोन पाकिटे पाठवत आहे. प्रत्येकात एक फांदी, फळासकट. बायकोच्या फळीवरच्या पुड्या मात्र घातलेल्या नाहीत, कारण पुड्यांचे मला आजही माहीत नाही. पाकिटांवर मी "खायची" किंवा "नाही" असे काही लिहिलेले नाही. एकावर "दाराकडची" लिहिले आहे, दुसऱ्यावर "नळाकडची". तेवढे मी आज सकाळी स्वतः तोडताना बघितले आहे, आणि एक फांदी पाकिटात घालून चिकटवल्याशिवाय दुसऱ्या वाफ्याकडे गेलो नाही. लाँड्रीवाला साक्षीला उभा होता.

त्यांचे उत्तर आले की मग, जी खायची नाही ती मुलाने हातमोजे घालून मुळासकट काढावी. जी आपली आहे, तिचे पिकलेले सगळे बी यंदा थोरल्या बाईंचे. पुढच्या वर्षीपासून अर्धे त्यांचे, अर्धे खारुताईचे. फळ शिजवायचे कसे ते त्यांनी सुनेला शिकवावे अशी विनंती आहे. हुकूम नाही.

उत्तर आले नाही आणि मीही परत आलो नाही, तर खार राहायला यायच्या आदल्या दिवशी दोन्ही वाफे उपटून खोल पुरावेत. हे वाक्य मी चार वेळा खोडले आणि पाच वेळा लिहिले. पोर आधी, बी नंतर. हिलाही हेच वाटले असते. बहुतेक.

अंमलबजावणी शेजारच्या औषधवाल्याने करावी. तो मला म्हणाला, "काका, मृत्युपत्रात झाडपाला कोणी लिहीत नाही." मी म्हटले, "घर कुठे चुकणार आहे? घर सगळ्यांना ओळखू येते."

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, स्वतः वाचले आणि औषधवाल्याकडून मोठ्याने वाचून घेतले.

सही: पेंटर
स्थळ: राहते घर, मागच्या दाराची पायरी
तारीख: नऊ, सोमवार, सकाळी अकरा

साक्षीदार पहिला: शेजारचा औषधवाला. (काका शुद्धीत आहेत. माझ्यासमोर सही केली.)

साक्षीदार दुसरा: समोरचा लाँड्रीवाला. (फांद्या माझ्यासमोर तोडल्या, पाकिटे बरोबर आहेत. शिडीला दहाच पायऱ्या होत्या.)

थोरल्या बाईंना वेगळे: मी तुम्हाला दोनदा फोन केला होता. तुम्ही "कोण?" म्हणालात आणि मी ठेवून दिला. तो मीच. बोलायला गेलो की माझे सगळे उलटसुलट होते. तुम्हाला लांबलचक लिहायची गरज नाही आणि मला माफ करायचीही नाही. सोबत एक पोस्टकार्ड आहे, पत्ता घातलेला. त्यावर मी दोनच शब्द काढून ठेवले आहेत, दाराकडची आणि नळाकडची. जी तुमच्या आईची असेल, तिच्याखाली रेघ ओढा. मी पत्र्याची एक नवी पाटी पांढरी रंगवून दोरीवर वाळत घातली आहे. अक्षरे काढलेली नाहीत. गुरुवारच्या पुढच्या गुरुवारपर्यंत मी घरीच आहे. लवकर कळवा.